काशिअण्णांची सुई

हुमनाबादच्या बसस्थानकातून गाडी सुटायची, तर त्या काळी डिझेल लागे, प्रवासी लागत आणि ओवलेली सुई लागे. डिझेल आणि प्रवासी कोणत्याही स्थानकावर लागतात. सुई मात्र फक्त हुमनाबादला लागत असे आणि ती काशिअण्णांच्या कोटाच्या कॉलरला खोचलेली असे.

काशिनाथराव बिरादार हे स्थानकावरचे कंट्रोलर. ड्रायव्हर मार्गाचा कागद घ्यायला खिडकीशी आला की ते कागद लगेच देत नसत. कॉलरची सुई उपसून काळ्या दोऱ्यासह त्याच्या हातावर ठेवीत आणि एवढेच म्हणत, "ओव."

ड्रायव्हर सुई डोळ्यांसमोर धरी. मागे प्रवाशांची गर्दी जमे. दोरा नेढ्यातून गेला तर कागद मिळे आणि गाडी सुटे. दोरा इकडून तिकडे हुकू लागला तर काशिअण्णा सुई काढून घेत आणि शांतपणे सांगत, "जा बाबा, तोंड धू. जरा आडवा हो." मग गाडी उभी, प्रवासी उभे आणि ड्रायव्हर तेवढा आडवा.

"ह्ये बस स्टँड हाय का शिंप्याचं दुकान?" असे कोणीतरी हमखास विचारी.

"शिंप्याकडं कापड फाटतंय," काशिअण्णा मान वर न करता म्हणत. "हितं मानसं फाटत्यात. बसा गप."

मी हुमनाबादच्या मराठी हायस्कुलात गणित आणि शास्त्र शिकवीत असे आणि मन्नाएखेळ्ळीला राहत असे. शाळा सुटल्यावर बीदरच्या गाडीने घरी जायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यामुळे त्या सुईपायी मी जितका खोळंबलो, तितका क्वचितच कोणी खोळंबला असेल. राज्याचे नाव तेव्हा नुकतेच बदलले होते. गाड्यांवरचे 'मैसूर' पुसून 'कर्नाटक' रंगवले होते, पण उन्हात रंग विटला की खालचे मैसूर पुन्हा वर येई. थांबलेल्या गाडीकडे पाहत मी ती दोन्ही नावे कितीतरी वेळा वाचली आहेत.

काशिअण्णा अंगाने किरकोळ होते. कोट खाकी, पण तो मुळात दुसऱ्या कोणासाठी शिवलेला असावा, असा. कॉलरला सुई आणि तिला लोंबता दोरा, त्यामुळे परगावचे प्रवासी त्यांना खरोखरच शिंपी समजत. बाजाराहून येणाऱ्या बायका पिशवीचा बंद तुटला की सरळ खिडकीशी जात. "अण्णा, तेवढी सुई द्या की." काशिअण्णा कुरकुरत, "अक्का, ही सरकारी कामाची सुई हाय," असे बजावत आणि देत. मग बंद शिवून होईपर्यंत गुलबर्ग्याची गाडी थांबून राही, कारण तपासणीचे साधन अडकलेले असे.

हा नाद त्यांना कसा लागला, ते त्यांनी मला एकदा सांगितले होते. ते कंट्रोलर झाले त्या सुमाराची गोष्ट. एका ड्रायव्हरचा चालवता चालवता डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून तुरीच्या रानात शिरली. कोणाला खरचटलेदेखील नाही. प्रवासी खाली उतरले, जिवंत असल्याच्या आनंदात हसले आणि मालक येईपर्यंत तुरीच्या हिरव्या शेंगा सोलून खात बसले. ड्रायव्हर मात्र जागचा हलला नाही. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून तो समोर पाहत राहिला.

"गाडी भाईर काढायला टॅक्टर आला, मास्तर," काशिअण्णा म्हणाले. "त्येला भाईर काढायला काय बी न्हाई आलं. तो पुन्ना गाडीवर बसलाच न्हाई."

तेव्हापासून त्यांचे एक वाक्य कायमचे झाले. कोणीही उशिराबद्दल भांडायला आला की ते बोट वर करून म्हणत, "गाडीला ब्रेक हाय. डायवरला कुठं हाय?" हे वाक्य त्यांनी प्रवाशांना ऐकवले, पोलिसांना ऐकवले आणि एकदा स्थानकात शिरलेल्या गाईलाही ऐकवले. गाईने तेवढे ऐकून घेतले.

त्यांच्या विश्रांतीच्या व्यवस्थेबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पार्सलच्या खोलीत त्यांनी एक बाज टाकली होती. सुईत नापास झालेल्या ड्रायव्हरला तिथे निजवीत. त्याच्या डोळ्यांवर ओला पंचा ठेवीत आणि स्वतः दाराशी पहारा करीत. बसस्थानक ही झोपेची जागा नव्हे, हे त्यांना मान्य होते. म्हणून त्यांनी त्यावर उपाय काढला. स्थानकावर नुकताच भोंगा बसवला होता. काशिअण्णा त्यातून आधी कानडीत, मग मराठीत आणि शेवटी दख्खनी उर्दूत जाहीर करीत: "प्रवाशांनी गलका करू नये. बीदर गाडीचा डायवर झोपायलाय." तिसऱ्या भाषेपर्यंत तो ड्रायव्हर डोळे चोळत दारात उभा असे.

"कामून उठलास?" काशिअण्णा दुखावल्या स्वरात विचारीत.

"तुमीच वरडायलाव की, अण्णा."

"मी लोकांना वरडायलो. तू झोप."

चहावर त्यांचा राग होता. "चहा झोप घालवत न्हाई, झोपेला फसवतोय," असे ते म्हणत आणि ड्रायव्हरच्या हातातली कपबशी काढून घेत. तो काढून घेतलेला चहा स्वतःच पीत, कारण टाकून देणे त्यांच्या संस्कारात बसत नव्हते. दिवसाकाठी असा किती चहा त्यांच्या पोटात जाई, याचा विचार तेव्हा कोणी केला नाही.

आगाराचे मॅनेजर या सगळ्याला विटले होते. ते कानडी मुलखातले, मराठी समजत, पण चिडले की आधी कानडी येई. एकदा मी खिडकीशी उभा असतानाच ते आले.

"एन्री इदु, काशिनाथराव? हे काय चालवलंय? सोलापूरची गाडी अजून इथेच?"

"डायवर झोपायलाय, साहेब."

"मग दुसरा द्या."

"दुसरा आत्ताच उठलाय. त्येचे डोळे अजून उघडायलेत."

"तुम्ही कंट्रोलर आहात की दाई?"

काशिअण्णांनी खरोखर विचार केला. प्रश्न गंभीरपणे घेण्याची त्यांना वाईट सवय होती. "साहेब, इंजन तापलं तर तुमी बॉनेट उघडून पानी घालता. त्येच्यासाठी मानूस ठेवलाय, पगार देता. डायवरचं बॉनेट कुठं असतंय, तेवढं सांगा, मी तितं पानी घालतो. मग सुई लागनार न्हाई."

मॅनेजर घड्याळाकडे पाहून परत फिरले. त्यांच्याकडे ड्रायव्हर कमी होते आणि वरून गाड्या वाढवण्याचा हुकूम होता. त्यांचेही डोळे लाल होते. पण त्यांच्या हातात सुई देण्याचे धाडस कोणी केले नसते.

आता मला त्या सुईतील दोष सांगितला पाहिजे. तो मला योगायोगानेच कळला.

महबूबसाब हे आगारातले सर्वांत जुने आणि सर्वांत सावध ड्रायव्हर. त्यांच्या गाडीत बसलेली बाई मांडीवरचे अंडे फुटू न देता बीदरला पोचे, अशी त्यांची ख्याती. एके दिवशी ते आदल्या दिवशीची सुट्टी घेऊन, भरपूर झोपून, दाढी करून आले आणि सुई ओवायला लागले. दोरा जाईना. हात लांब करून पाहिले, उन्हाकडे धरून पाहिले, थुंकी लावून पाहिली.

"अण्णा, मैं तो पेट भर के सोया आज. ये धागाच नै घुसता."

"मग झोप अजून झाली न्हाई. जावा, पडा."

"और कितना सोऊं? बीबी पूछने लगी, नौकरी है या गई."

मी पुढे झालो आणि माझा वाचायचा चष्मा काढून महबूबसाबांना दिला. तो त्यांनी नाकावर चढवला, क्षणभर सुईकडे नवलाने पाहिले आणि दोरा एका दमात ओवला. मागच्या गर्दीने समाधानाचा आवाज काढला.

शाळेतल्या फळ्यासमोर उभा असल्यासारखा मी काशिअण्णांना समजावू लागलो. माणूस वयाने उतरू लागला की जवळचे पाहण्याची डोळ्याची शक्ती कमी होते. त्याचा झोपेशी संबंध नाही. महबूबसाबांना दूरचा रस्ता स्वच्छ दिसतो, जवळची सुई दिसत नाही. उलट तरुणाचा डोळा इतका लवचीक असतो की तो रात्रभर जागला तरी सुई ओवील. तेव्हा सुई वय मोजते, थकवा मोजत नाही.

काशिअण्णांनी महबूबसाबांकडून सुई परत घेतली. "म्हंजे इतकी वर्सं मी झोप तपासायलो का चष्मा?"

"बहुतांशी चष्मा."

त्यांनी सुई कॉलरला खोचली. "तुमचं शास्त्र बरोबर असंल, मास्तर. मग थकवा कशानं मोजायचा ते सांगा. मी ती वस्तू आनतो. बीदरला मिळत नसंल तर हैदराबादेहून आनतो."

मी शास्त्राचा शिक्षक. ताप मोजायचे यंत्र मला ठाऊक होते, हवेचा दाब मोजायचे ठाऊक होते, दुधातले पाणी मोजायचेही ठाऊक होते. त्यांनी मागितलेले यंत्र मला सांगता आले नाही. ते म्हणाले, "मग सुईच बरी. काय न्हाई त्यापरीस."

सुई चालूच राहिली आणि तिच्यामुळे नागेशवर जे आले, ते कोणी ठरवून आणले नव्हते.

नागेश हा मन्नाएखेळ्ळीजवळच्या शेतकरी घरातला तरुण. भावांना वाटणीत जमीन कमी म्हणून हा गाडीवर आला. नवीन होता तेव्हा त्याच्या गाडीत बसणे ही करमणूक होती. प्रत्येक थांब्यावर तो उतरणाऱ्याला नावाने हाक मारी. "शरणप्पा मामा, उतरा. मामी वाट बघायलीय, हातात लाटनं हाय." कोंबडी घेऊन चढलेल्या माणसाला तो कोंबडीचे तिकीट विचारी. मला तो "सर" म्हणे आणि गाडी सुरू करण्याआधी, "सर, निघायची परवानगी?" असे विचारी. त्याला मी शाळेत शिकवलेले नव्हते, पण त्याला ते नाटक आवडे आणि मलाही.

सुईत तो कधी नापास झाला नाही. सुई हातात पडली की बोटांची किंचित हालचाल होई आणि दोरा पार. काशिअण्णांना त्याचा अभिमान वाटे. "बोटं बगा पोराची," ते गर्दीला सांगत. "ह्येला म्हनतात ताजा मानूस."

आणि म्हणून, दुसरा कोणी नापास झाला की त्याची फेरी नागेशला जाई. महबूबसाबांना माझा चष्मा रोज मिळत नसे आणि स्वतःचा त्यांनी करून घेतला नाही, त्यांची फेरी नागेशला. कोणी आजारी, त्याची फेरी नागेशला. बीदरहून आला की गुलबर्गा, गुलबर्ग्याहून आला की पुन्हा बीदर. इतरांना विश्रांती मिळावी म्हणून काशिअण्णांनी उभे केलेले सगळे यंत्र एका माणसाच्या पाठीवर चालू लागले. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. तपासणी प्रामाणिक होती आणि नागेश प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे उत्तीर्ण होत होता.

मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत असे, म्हणून मला बदल दिसत गेला. आधी कोंबडीचे तिकीट बंद झाले. मग हाका बंद झाल्या. माणसे आपापल्या थांब्यावर गुपचूप उतरू लागली. घरून आणलेला डबा तसाच परत जाऊ लागला. एकदा त्याने कोणीही नसलेल्या थांब्यावर गाडी उभी केली आणि कोणी चढत नाही म्हणून वाट पाहत बसला. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा निघाला. गाडी मात्र तो उत्तम चालवीत असे, पूर्वीपेक्षाही उत्तम. खड्डा चुकवताना डोक्यावरची टोपीदेखील हलत नसे.

"नागेश, बरा आहेस ना?" मी विचारले.

"बरा हाव, सर."

"झोप होते का?"

"झोपतो की. उठल्यावर बी झोपल्यावानीच वाटतंय. पन झोपतो."

मी काशिअण्णांना सांगितले. त्यांनी लगेच त्याला बोलावून घेतले, सुई दिली. दोरा पार. काशिअण्णांचा चेहरा उजळला. "बगा मास्तर, कायबी न्हाई. बायकोशी भांडन झालं असंल."

विद्यार्थ्यांना मी शिकवीत असे की यंत्राची झीज बाहेरून दिसत नाही, आवाज बदलला की ओळखावी. नागेशचा आवाज बदलला नव्हता. तो नाहीसा झाला होता. त्याला काय म्हणावे हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. झोप न येणे आम्हांला कळे, ताप कळे, दारू कळे. चांगला माणूस आपले काम चोख करता करता आतून रिकामा होतो, याला आमच्या बोलीत शब्द नव्हता आणि बसखात्याच्या रजेच्या नियमांतही नव्हता.

एका दुपारी, शाळेला अर्धी सुट्टी होती म्हणून, मी लवकरच्या गाडीने निघालो होतो. मन्नाएखेळ्ळी अजून दूर होती. सरळ, मोकळा रस्ता. नागेशने गाडी हळूहळू कडेला घेतली, व्यवस्थित उभी केली, इंजिन बंद केले, हातब्रेक ओढला. मग खाली उतरला आणि मोरीच्या कठड्याजवळच्या लिंबाखाली जाऊन बसला.

आधी सर्वांना वाटले, लघवीला गेला असेल. मग वाटले, टायर बघत असेल. कंडक्टर खाली उतरला.

"काय झालं रं?"

"न्हाई चालवत आता," नागेश म्हणाला. रागाने नाही, हट्टाने नाही. पाणी संपले असे कोणी सांगावे तसे.

प्रवासी एकेक करून उतरले. सुरुवातीला थट्टा झाली. "अरं, सुई पायजे का?" असे कोणी म्हणाले आणि सगळे हसले. मग उन्हाने थट्टा संपली. "आमचं लग्न हाय बीदरला, नवरदेव गाडीत हाय," असे एकाने सांगितले. नवरदेव स्वतः खाली येऊन, मुंडावळ्या बाजूला सारून म्हणाला, "दादा, चला की. पाया पडतो." नागेशने त्याच्याकडे पाहिले. "तुझं चांगलं होवू दे," असे म्हणाला आणि तिथेच बसून राहिला. एका म्हातारीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ताप नाही असे जाहीर केले. ताप असता तर सगळ्यांना बरे वाटले असते.

कंडक्टर एका लॉरीत बसून हुमनाबादला गेला. परत आला तेव्हा त्याच्याबरोबर महबूबसाब होते, गाडी पुढे न्यायला, आणि काशिअण्णा होते. स्थानक सोडून काशिअण्णा कुठे गेलेले मी तोवर पाहिले नव्हते. उन्हात ते फारच लहान दिसले.

ते नागेशसमोर उकिडवे बसले.  नागेशनेच हात पुढे केला आणि त्यांच्या कॉलरची सुई काढली. दोरा बाहेर ओढला, पुन्हा सुईत घातला. पहिल्याच खेपेत. ओवलेली सुई त्याने त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ओवली बगा, अण्णा," तो म्हणाला. "पन मला उठवत न्हाई."

काशिअण्णा सुई हातात धरून बसले. महबूबसाबांनी गाडी सुरू केली, वऱ्हाड गेले, बाकीचे प्रवासी गेले. मी गेलो नाही. लिंबाखाली आम्ही तिघेच उरलो. ऊन उतरल्यावर एका बैलगाडीवाल्याने आम्हांला गावापर्यंत आणले. नागेश गाडीत पाय सोडून बसला होता. काशिअण्णांनी त्याचा दंड धरून ठेवला होता, जणू तो लहान मूल होता आणि पडला असता.

पुढे चौकशी झाली. प्रवासी वाटेत सोडल्याबद्दल नागेशला कामावरून काढायचे, असे वरच्यांच्या मनात होते. काशिअण्णांनी उभे राहून सांगितले की त्याला फेऱ्यांवर फेऱ्या आपणच दिल्या. मॅनेजर, ते वाईट गृहस्थ नव्हते, हळूच म्हणाले, "काशिनाथराव, जपून बोला. तुमच्यावर येईल."

"येऊ द्या की, साहेब. मी त्येची बोटं बगितली, त्येला न्हाई बगितलं."

त्यांची बदली अफजलपूरला झाली. नागेशची नोकरी राहिली, पण स्टेअरिंगवर त्याला पुन्हा बसवले नाही. आगारात गाड्या धुवायला ठेवले. हुमनाबादला नवा कंट्रोलर आला. गाड्या वेळेवर सुटू लागल्या. प्रवासी खूश झाले. ड्रायव्हर तितकेच थकलेले होते, फक्त आता ते कोणाला दिसत नव्हते.

पुष्कळ महिन्यांनी एका नातेवाइकाच्या वास्तुशांतीसाठी मला अफजलपूरला जावे लागले. परतताना सोलापूरला एक काम होते, म्हणून तिकडची गाडी धरायची होती. स्थानक छोटे, समोर उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. खिडकीत काशिअण्णा बसले होते. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"नागेश कसा हाय?"

मला खोटे बोलता आले असते. पण ज्याला खरोखर विचारायचे आहे त्याला खरे उत्तर द्यावे, असे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो. नागेशने गाड्या धुण्याचेही सोडले होते. घरीच होता. सकाळी उठून तोंड धुई, खाकी शर्ट घाली आणि ओट्यावर बसून राही. बायको शेतावर मजुरीला जाई. मी एक-दोनदा जाऊन बसलो होतो. तो ओळखत होता. बोलत फार नव्हता.

"जेवतो का?"

"दिले तर जेवतो."

"हं." त्यांनी मान हलवली. मग भोंग्याचा माइक पुढे ओढून गुलबर्ग्याच्या गाडीची घोषणा केली, अगदी स्वच्छ आवाजात.

स्थानकाच्या चहावाल्याने माझ्या हातात कप देताना मला बाजूला घेतले. "तुमी ह्येंच्या वळकीचे का? कुनीतरी घरी न्या हो ह्येंना. क्वार्टर दिलीय, पन हितंच बसत्यात. रात्रीच्या गाडीला बी हेच, सकाळच्या गाडीला बी हेच. ड्युटी दुसऱ्याची असली तरी हेच. आमी कुनी ह्येंना झोपलेलं बगितलं न्हाई."

"घरी कोण असतं त्यांच्या?"

"कुनी न्हाई म्हनत्यात. आमच्याजवळ कदी बोलले न्हाईत."

इतकी वर्षे रोज त्यांच्या खिडकीशी उभा राहूनही हे मी आज प्रथमच ऐकत होतो. हुमनाबादला त्यांना घर आहे की नाही, हे तिथल्या एकाही ड्रायव्हरला ठाऊक नव्हते. पार्सलच्या खोलीतल्या त्या बाजेवर स्वतः काशिअण्णा पडलेले कोणाला आठवत नव्हते.

मी परत खिडकीशी गेलो. ते कागद सारखे करीत होते, पुन्हा विस्कटत होते आणि पुन्हा सारखे करीत होते.

"मास्तर," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सोलापूर गाडीला वेळ हाय अजून. तवर हितं बसता का? कुनी काय इचारलं तर सांगा. मी जरा टेकतो."

मी आत जाऊन त्यांच्या खुर्चीवर बसलो. ते शेजारच्या बाकावर बसले, भिंतीला डोके टेकले, आणि मी काही बोलण्याआधीच त्यांची मान एका बाजूला कलली. तोंड किंचित उघडे राहिले. हात मांडीवर उताणे पडले होते. झोपलेला माणूस इतका एकटा दिसतो, हे मला त्या दिवशी कळले.

सोलापूरची गाडी आली. निघू का, म्हणून कंडक्टरने माझ्याकडे पाहून मान उडवली. मी मान हलवली. गाडी भरली आणि मला न घेताच निघून गेली. उसाचे ट्रॅक्टर सरकले, धूळ उडाली, ती खाली बसली.

एक म्हातारी काठी टेकत खिडकीशी आली आणि गाणगापूरची गाडी कधी, असे विचारू लागली. मला ते ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते माझ्या शेजारी झोपले होते.

"बसा, आजी," मी म्हणालो. "विचारून सांगतो."

ती बसली. मी विचारले नाही.